टिचबटणांचे सांधे

अक्का एकाच पायानं मशीन चालवायची, आणि यात काही वेगळं आहे हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं, शिवणाचं मशीन असंच चालवायचं असतं. उजवा पाय पायडलवर आणि डावा पाय बाजूला, साडीच्या निऱ्यांत झाकलेला. पुढे शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी तिची आई दोन्ही पाय ठेवून शिवताना पाहिली, तेव्हा मी घरी येऊन विचारलं की तिला दोन पाय का लागतात. अक्का दोरा दातानं तोडत म्हणाली, "तिला सवय नसेल." तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक होऊन राहिला होता, हे मला आईनं नंतर स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणत म्हणून आईही म्हणायची, आई म्हणायची म्हणून मी, आणि आम्ही सगळे म्हणायचो म्हणून अख्खी गल्ली. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं तेवढंच. बेंगळूरच्या कॉटनपेठेतल्या आमच्या त्या भाड्याच्या घरात पुढची खोली तिची. रस्त्याला लागून दगडी जगली, म्हणजे बसायचा ओटा, आत गजांची खिडकी आणि खिडकीशी मशीन. आमचे पूर्वज कधी काळी फौजेबरोबर इकडे आले आणि फौज परत गेली तरी तंबू-कनाती शिवायला इथंच राहिले, असं आजोबा सांगत. खरंखोटं कोण जाणे. पण घरात सुई-दोरा होता आणि मराठी होती, एवढं नक्की. मराठी म्हणजे तरी कशी, तर "स्वल्प सरक गं," "सरी, ठेव तिथं," अशी. पुण्याहून एकदा पाहुणे आले होते, ते आमचं बोलणं ऐकून हसू दाबत होते. अक्कानं त्यांच्या बायकोचं ब्लाउज शिवून दिलं, मग ते हसायचे थांबले.

बायका माप द्यायला यायच्या तेव्हा अक्का टेप गळ्यात ठेवायची, पण वापरायची क्वचित. नुसती बघायची. "डावा खांदा जरा खाली आहे तुझा, घागर त्याच बाजूला घेतेस ना," म्हणायची, आणि तसाच कट करायची. तिचं ब्लाउज अंगात गेलं की बाईची मान आपोआप ताठ व्हायची. एरवी ती कोणाशी गोड बोलायची नाही. गोड बोलणं तिच्या हातात होतं.

लहानपणी माझी आवडती जागा म्हणजे त्या मशीनच्या खाली. अक्का शिवत असायची आणि मी गार फरशीवर पालथी पडून आत काय चाललंय ते बघत असायची. पायडलच्या मधोमध खाली एक आस होता. अक्काचा पंजा दाबला की पुढची बाजू खाली, टाच दाबली की मागची बाजू खाली. झोपाळ्याच्या फळीसारखं, खालीवर, खालीवर. पायडलच्या कडेला एक लोखंडी दांडी जोडलेली. ती वर जाऊन मोठ्या चाकाला धरायची, पण चाकाच्या मध्याला नाही. मध्यापासून दोन बोटं बाजूला एक खुंटी होती, तिला. पायडल नुसतं खालीवर होतं आणि चाक मात्र गोल फिरतं, याचं मला केवढं तरी नवल वाटायचं. पाय कधी गोल फिरत नाही. मग गोल कुठून येतं? मी दांडीवर डोळे ठेवून ते पकडायला बघायची. दांडीचं खालचं टोक खालीवर करत असायचं, वरचं टोक गोल फिरत असायचं, आणि मधल्या भागाचं काय चाललंय ते सांगताच यायचं नाही. मधला भाग धड गोलही नाही आणि धड सरळही नाही, असा काहीतरी लांबट, अंड्यासारखा फिरायचा.

कधी कधी मशीन अडायचं. खुंटी अगदी वर किंवा अगदी खाली आली, दांडी आणि खुंटी एका रेषेत आल्या, आणि नेमका तिथंच पाय थांबला, की मग कितीही दाबा, चाक हलायचं नाही. हललं तर उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. अक्का अशा वेळी हातानं वरच्या छोट्या चाकाला एक टिचकी द्यायची. "विचारात पडलंय," म्हणायची. पुढे आयुष्यभर मी मुलांना वर्गात हाच बिंदू शिकवला. पुस्तकात त्याला मृतबिंदू म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही. अक्काचाच जास्त बरोबर होता.

अप्पा टर्नर होते. राजाजीनगरला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका छोट्या कारखान्यात ते लेथवर काम करायचे. सायकलवरून जायचे, सायकलवरून यायचे, आणि आल्यावर न्हाणीत लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन बराच वेळ हात धुवायचे. तरी त्यांच्या हातांना तेलाचा वास असायचाच, आणि भाताचा घास कालवताना तो वास हुळीच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट आमटीच्या, वासात मिसळायचा. मला अजून मशीनच्या तेलाचा वास आला की भूक लागते. बोलायचे फार कमी. आई म्हणायची, लेथच्या आवाजात दिवसभर बोलता येत नाही, त्यामुळे बोलायची सवयच गेली. मी एखादं कोडं विचारलं, किंवा माझी प्रगतिपुस्तकं दाखवली, तर "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये काय आहे ते मला कळायचं नाही.

मी मॅट्रिकच्या वर्षाला होते त्या थंडीत अक्का पडली. अवरेकाळूचे दिवस होते. सगळ्या बेंगळूरभर त्या दिवसांत पावट्याच्या शेंगांचा वास असतो. आई आणि अक्का संध्याकाळी भिजवलेले दाणे परातीत घेऊन बसायच्या आणि चिमटीत धरून एकेका दाण्याचं साल काढायच्या. दाणा सालातून सुटकन उडून परातीत पडायचा. अक्का उठली आणि सालं टाकायला नळाकडे गेली. दगडावर पाणी होतं. आम्हाला आवाज आला तो परातीचा. ती स्वतः ओरडली नाही. आम्ही धावत गेलो तेव्हा उजव्या पायावर बसलेली होती आणि म्हणाली, "घोटा गेला."

प्लास्टर होतं तोवर सगळं सोपं होतं, कारण वाट बघायची होती. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या, आपली ब्लाउजं थांबवून ठेवायच्या, "तू बरी झालीस की दे" म्हणायच्या. प्लास्टर निघालं तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन वाकवून बघितला, आणि अप्पांना बाजूला न घेता अक्कालाच सांगितलं, ते मला बरं वाटलं. ते म्हणाले, हाड जुळलंय, काठी घेऊन चालाल, पण हा सांधा आता वाकणार नाही. अक्कानं विचारलं, "मशीन?" डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी अप्पांकडे बघितलं.

त्या दिवशी घरी आल्या आल्या ती मशीनवर बसली. पाय पायडलवर ठेवला. पंजा दाबायला गेली की टाच बरोबर येत होती, टाच दाबायला गेली की पंजा. सगळं पाऊल एका फळीसारखं झालं होतं. डावा पाय कामाचा नाही, उजव्याचा घोटा वाकत नाही. तिनं मशीनवर चादर टाकली आणि हेमिंगची सुई घेऊन जगलीवर जाऊन बसली. घर इतकं शांत झालं की शेजारच्या गिरणीचा भोंगा आम्हाला नव्यानं ऐकू यायला लागला. आई उगीच भांडी मोठ्यानं ठेवायची.

अप्पांनी एका रविवारी मशीन उलटं केलं. त्यांचा विचार बरोबर होता, हे मला आजही सांगायचं आहे. घोटा वाकत नाही, पण गुडघा आणि मांडी चालतात. पाय अख्खा उचलता येतो आणि अख्खा दाबता येतो. मग पायडलचा आस मधून काढून एका कडेला न्यायचा, भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे फळी झोपाळ्यासारखी न हलता पेटीच्या झाकणासारखी उघडझाप करेल. पाय अलीकडच्या टोकावर. त्यांनी कारखान्यातून लोखंडी पट्टी आणली, भोकं पाडली, आस हलवला. दांडी होती तिथंच जोडली. अक्का बसली, पाय दाबला. चाक पाव फेरा फिरलं आणि अडलं. पुन्हा दाबलं, तर उलटं आलं आणि फळी उभी राहायला बघू लागली.

"दांडी लांब पडते," अप्पा म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी आखूड दांडी करून आणली. तरी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पहिल्याहूनही लांब दांडी आणली, दोन्ही टोकांना सुरेख पितळी बुश बसवून. एवढी देखणी दांडी मी तोवर पाहिली नव्हती. अक्कानं जोर लावून दाबलं, चाक अर्धं फिरलं, अडलं, आणि फळीनं उसळी घेतली. ती अक्काच्या नडगीवर बसली. प्लास्टरमधून नुकत्याच निघालेल्या त्या पायाचा लाल झालेला रंग मी बघितला. अप्पा खाली बसून तिचा पाय धरायला गेले.

"साकु," अक्का म्हणाली. पुरे. "साकु रे. तीन रविवार गेले तुझे. होसकोट्याला आपल्या धाकट्या बहिणीला पाठवून दे मशीन. तिच्या पोरी शिवतील. वापरलं नाही तर गंज चढेल त्याला."

अप्पा म्हणाले, "सरी." बरं, एवढंच. ते हत्यारं आवरायला लागले आणि प्रत्येक पाना पुसून पुसून ठेवत राहिले. होसकोट्याच्या माणसाची बैलगाडी दर पंधरवड्याला बाजारात यायची. ती आली की मशीन जाणार होतं.

माझी परीक्षा झाली होती आणि मी घरात होते. पुढे काय, हे ठरल्यासारखंच होतं. ॲव्हेन्यू रोडला टायपिंगचा वर्ग होता, आणि आई मनातल्या मनात माझ्यासाठी दोन-तीन घरं बघून ठेवत होती. मला त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं. मी मशीनपाशी जाऊन बसायची आणि चाक हातानं हलवायची. पाव फेरा, आणि अडलं. अप्पा तीनही वेळा दांडीकडे बघत होते. आधी मीही दांडीकडेच बघत होते. पण दांडी लांब केली तरी अडतं आणि आखूड केली तरी अडतं, मग गोष्ट दांडीची नसणार, एवढं मला वाटायला लागलं. यंत्र जड होतं, खालून बघावं लागायचं, आणि एकेक बदल करायला लोखंड कापावं लागायचं. मला वाटलं, हे कागदाचं असतं तर.

अक्काकडे पुठ्ठ्याचे तुकडे ढीगभर होते, कारण ती बाह्यांचे आणि गळ्यांचे नमुने पुठ्ठ्यावर कापून ठेवायची. मी मशीनखाली शिरून तिच्या टेपनं मापं घेतली. चाकाच्या मध्यापासून खुंटीपर्यंत दोन इंच. दांडी चौदा. अप्पांनी हलवलेल्या आसापासून दांडीच्या जोडापर्यंत अडीच. मग तेवढ्या लांबीच्या पट्ट्या कापल्या. सांधे कसे करायचे, ते मात्र कळेना. टाचणी मारली तर पुठ्ठा फाटायचा, दोऱ्यानं बांधलं तर हलायचं. अक्का जगलीवरून बघत होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "टिचबटणं घे. डबीत आहेत."

टिचबटणाचा एक भाग एका पट्टीवर शिवायचा, दुसरा दुसरीवर, आणि टिच करून दाबायचं. सांधा पक्का, आणि फिरतो मात्र लोण्यासारखा. मी तीन पट्ट्या केल्या. एक खुंटीची, एक दांडीची, एक पायडलची. चाकाचा मध्य आणि पायडलचा आस, या दोन जागा मशीनच्या सांगाड्यावर पक्क्या होत्या, म्हणून ती दोन बटणं मी कापड कापायच्या फळीवर चिकटवलेल्या पुठ्ठ्यांवर नेमक्या अंतरावर बसवली. पुढे पॉलिटेक्निकमध्ये सरांनी सांगितलं की जी हलत नाही तीही एक दांडी मोजायची; चार दांड्या, चार सांधे, त्यातली एक जमिनीला धरलेली. ते ऐकून मला वहीत लिहायचंसुद्धा सुचलं नाही, मला ती फळी दिसत होती.

मी खुंटीची पट्टी बोटानं फिरवली. पाव फेरा, आणि अडली. अगदी मशीनसारखी. पायडलची पट्टी उभी राहायला लागली.

अक्का काठी टेकत आत आली आणि स्टुलावर बसली. "कुठं अडतं ते दाखव."

मी दाखवलं. खुंटी वर जायला निघाली की दांडी पायडलला वर ओढायची. खुंटी एकूण चार इंच वर-खाली होणार, म्हणजे पायडलवरच्या जोडालाही साधारण तेवढं वर-खाली व्हायला हवं. पण तो जोड आसापासून अडीचच इंचांवर होता. अडीच इंचांच्या पट्टीचं टोक चार इंच हलवायचं म्हणजे पट्टीला जवळजवळ उभंच राहावं लागणार.

"बाही आखूड आणि हात लांब," अक्का म्हणाली.

"हो."

"मग बाही वाढव."

मी पायडलच्या पट्टीवर बटणाची जागा सरकवली. अडीचाची चार केली. फिरली, पण पट्टी घोड्यासारखी उधळत होती. सहा केली. आठ केली. दहा केली, अगदी अलीकडच्या टोकाजवळ, आणि त्या तिरक्या अंतराला पुरेल म्हणून दांडी थोडी वाढवली. मग खुंटी फिरवली, तर ती फिरली, आणि फिरतच राहिली, आणि खालची पट्टी शहाण्यासारखी वर-खाली, वर-खाली. मी बोट काढलं तर अक्कानं आपलं बोट लावलं. ती किती वेळ फिरवत होती ते मला सांगता येणार नाही.

आता मला नियम माहीत आहे. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब दांडी मिळून जी लांबी होते ती उरलेल्या दोघींच्या बेरजेहून जास्त असता कामा नये, तरच आखूड दांडी पुरा फेरा घेते. तीस वर्षं मी तो फळ्यावर लिहिला आहे. त्या दुपारी आम्हाला नियम माहीत नव्हता, आणि त्याची गरज पडली नाही, कारण पुठ्ठा खोटं सांगत नव्हता.

अक्का मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिनं पाय उचलून दाखवला. "बघ, मी एवढाच उचलू शकते. टेप लाव." तीन इंच भरले. आमची पट्टी पावलाखाली, अगदी टोकाला, पाच इंच हलत होती. मी गोंधळले. पट्टी आणखी लांबवायला जागा नव्हती. अक्कानं खुंटीच्या पट्टीवर नख ठेवलं. "ही कमी कर की. सगळं हिच्यापासून निघतं." मी दोनाची सव्वा इंच केली. खालचं टोक तीन इंचांवर आलं.

"पण मग जोर जास्त लागेल," मी म्हणाले. खुंटी मध्याच्या जेवढी जवळ, तेवढं चाक फिरवायला जड, हे मला सायकलच्या पायडलवरून कळत होतं.

"लागू दे. मांडीत जोर आहे माझ्या. मला काय तंबू शिवायचेत? ब्लाउजाचं कापड आहे." मग म्हणाली, "आणि पावलावरून एक चामड्याचा पट्टा पाहिजे. पाय वर घेताना फळी बरोबर आली पाहिजे."

राहता राहिले अप्पा. मी अक्काला म्हणाले, तूच सांग. ती म्हणाली, "मी सांगितलं तर त्याला वाटेल, बहीण मशीनसाठी जीव टाकतेय. तू सांग." मला भीती वाटत होती ती त्यांच्या रागाची नव्हती, ते कधी रागवायचेच नाहीत. त्यांच्या त्या पितळी बुशच्या दांडीची मला भीती वाटत होती. ती त्यांनी कागदात गुंडाळून भिंतीवरच्या फळीवर ठेवली होती.

संध्याकाळी ते हात धुऊन आले. आईनं कैरीचं चित्रान्न केलं होतं, भातात मोहरी आणि शेंगदाणे तडतडून घातलेले. जेवणं झाली आणि मी फळी त्यांच्यासमोर ठेवली. खुंटी फिरवून दाखवली. मग त्यांनी वाकून पायडलच्या पट्टीवरचं बटण काढलं.

"हे इथं का सरकवलं?"

मी सांगितलं. त्यांनी दांडी काढून आपल्या जुन्या जागी, अडीच इंचांवरच्या बटणावर दाबली आणि फिरवून बघितली. अडली. पुन्हा माझ्या जागी दाबली. फिरली. असं त्यांनी तीन-चारदा केलं. आई मागे उभी होती, अक्का भिंतीला टेकून सुपारी कातरत होती आणि आमच्याकडे मुळीच बघत नव्हती.

"मी दांडीच बघत बसलो," अप्पा शेवटी म्हणाले. ते कोणाला म्हणाले कळलं नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मापं लिहिलीस?"

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर काढलं होतं ते दिलं. त्यांनी ते दिव्याखाली धरून वाचलं, एका ठिकाणी पेन्सिलीनं बुशची जाडी लिहिली, आणि म्हणाले, "उद्या कारखाना बंद आहे. मालकांना विचारतो. तू चल."

मशीनचं सोडवलेलं चाक आणि दांडी मांडीवर घेऊन मी त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून राजाजीनगरला गेले, ते पहिल्यांदा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे पाये खणलेले, लाल माती, आणि मध्येच पत्र्याचे कारखाने. त्यांच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी साफसफाईला आलेले मेस्त्री आणि दोन कामगार होते. त्यांनी मला बघून कानडीत विचारलं, आज मुलगी कशी? अप्पा म्हणाले, "घरचं काम आहे." त्यांनी माझा कागद लेथच्या शेजारी खिळ्याला अडकवला आणि काम करताना दर थोड्या वेळानं त्याच्याकडे बघत राहिले. मी त्यांना कधी लेथवर काम करताना पाहिलं नव्हतं. घरी ज्या माणसाला पाण्याचा तांब्या सापडायचा नाही, तो इथं मागे न बघता हात मागे करून नेमकं हत्यार उचलत होता. लोखंडाची निळसर साल गुंडाळत गुंडाळत खाली पडत होती. चाकात सव्वा इंचांवर नवं भोक पाडायचं होतं, ते पाडण्याआधी त्यांनी मला बोलावलं, सुईनं खूण केली आणि विचारलं, "इथं?" मी मोजलं आणि हो म्हणाले. मग त्यांनी ड्रिल खाली घेतलं.

दुपारी चारच्या सुमाराला मशीन पुन्हा खिडकीशी उभं राहिलं. दांडी तीच पितळी बुशची होती. अप्पांनी ती मापाला कापून मध्ये जोड दिला होता. पट्टा अक्काच्या पावलावरून बांधला. तिनं साडीचा एक जुना फॉल दोन पदरी करून सुईखाली घेतला. पहिल्या दाबाला चाक उलटं गेलं आणि दोरा तुटला. आई स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभी होती. अक्कानं सुईत दोरा ओवला, वरच्या चाकाला हातानं पुढे ढकलून खुंटी जराशी उतरणीला आणली, आणि मग पाय दाबला.

चाक फिरलं. पुरा फेरा. मग दुसरा. आधी अडखळत, मग एका लयीत, आणि ती लय जुनी नव्हती. आधीचं मशीन टकटकटक असं घाईनं चालायचं; हे जरा सावकाश, जड पावलानं चालत होतं. फॉल तिच्या हातांतून पुढे सरकला आणि मागच्या बाजूनं एक सरळ टीप बाहेर आली. ती टोकापर्यंत शिवत गेली, तिथं वळवून परत आली, आणि दोरा तोडून ते कापड उजेडात धरून बघितलं.

"टीप स्वल्प मोठी पडते," ती म्हणाली. "स्क्रू फिरवायला पाहिजे." आणि मग डोळ्यांना पदर लावला, आणि आम्ही सगळे लगेच काही ना काही कामाला लागलो.

होसकोट्याची गाडी आली तेव्हा अक्कानं गाडीवाल्याला कापी, म्हणजे कॉफी, पाजली आणि धाकटीच्या पोरींसाठी दोन परकर पाठवले. त्यानंतर ती बारा वर्षं त्या मशीनवर शिवत होती. तिचं शेवटचं ब्लाउज माझ्याकडे नाही, कारण तिनं ते गिऱ्हाइकाला वेळेवर दिलं.

निकाल लागला. मी पास झाले, बऱ्यापैकी. आईनं टायपिंगच्या वर्गाची चौकशी करायला सांगितलं. दोन दिवसांनी अप्पांनी डब्याच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पॉलिटेक्निकचा अर्ज होता, मेकॅनिकलचा. आईनं तो मला वाचायला लावला आणि मग म्हणाली, "मुली असतात का तिथं?"

"माहीत नाही," अप्पा म्हणाले.

"तेलाचे हात घेऊन घरी येणार ती? आणि पुढे?"

पुढच्या खोलीतून मशीन चालू होतं ते थांबलं. अक्का आतून म्हणाली, "मला तेलाचे हात नको होते का गं घरात? त्यांच्यामुळेच तर मी मशीनवर बसले आहे." मग मशीन पुन्हा सुरू झालं. आईनं कागद परत माझ्याकडे दिला आणि चुलीकडे वळली. तिची नाराजी बरेच महिने होती. मी पहिल्यांदा घरातला गळका नळ दुरुस्त केला, तेव्हा ती जरा कमी झाली.

पॉलिटेक्निक सुरू झालं त्या दिवशी अप्पा थोडे लवकर निघाले. सायकलवर बसले नाहीत, हातात धरून माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आले. साठ मुलांत मी एकटी मुलगी आहे, हे आदल्या दिवशीच कळलं होतं. मी म्हणाले, "अप्पा, मला जमेल ना?"

ते सायकलच्या हँडलवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिले. मला वाटलं, आता "हं" म्हणतील.

"घरी मी तुला काही बोललो नाही," ते म्हणाले. "पण कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय. ते पायडल कोणी शोधून काढलं ते. मालकांना सांगितलं. मेस्त्रीला तर दोनदा सांगितलं. कोपऱ्यावरच्या कापीवाल्यालासुद्धा सांगितलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"बस आली," ते म्हणाले.